लंगड रे, फाक्या

"उकिरड्यावर टाकून ये ते. घारीचं तरी पोट भरंल," आप्पा म्हणाले आणि दाढेत तंबाखू सारून बैल सोडायला गेले.

मी पत्र्याच्या डब्यासमोर उकिडवी बसले होते. नऊ पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली शिरत होती, निघत होती. दहावं मात्र पोटावर पसरलं होतं. त्याचा एक पाय उगवतीला, एक मावळतीला. उठायला गेलं की पाय आणखी लांब घसरत आणि ते चोच टेकून पडे. कोंबडी त्याच्याकडे बघतही नव्हती. उलट त्या नवांतलं एक दांडगं पिल्लू त्याच्या डोक्यावर चोच मारून गेलं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आता चौऱ्याहत्तर संपली, पण आप्पांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात राग नव्हता. राग असता तर मी कधीच विसरले असते. फुटकं मडकं बाहेर ठेवायला सांगावं, तसं ते बोलले होते.

मी पिल्लू ओंजळीत उचललं आणि उकिरड्याकडे न जाता पडवीत अनसाआत्याकडे गेले.

अनसाआत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. दोन महिने झाले, ती पडवीतल्या बाजेवर पडून होती. तिच्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. माघात सासरी माळ्यावरून पेंढा काढताना शिडी सटकली आणि ती खाली आली. सासरच्यांनी आठ दिवस हळद लावून वाट बघितली. नवव्या दिवशी सोपानमामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला बैलगाडीत घातलं आणि आमच्या गावात मारुतीच्या पारावर आणून बसवलं. घरापर्यंतसुद्धा गाडी आणली नाही. "बरी झाली की न्यायला येतो," एवढं पारावरच्या म्हाताऱ्यांना सांगून गाडी वळवली.

आप्पांनी तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. हाडवैद्य आला, तोवर हाड वाकडं धरू लागलं होतं. ते ओढून पुन्हा बसवावं लागलं. आप्पांनी पाय धरला होता, आईनं खांदे. मी दाराआड कानांत बोटं घालून उभी होते. तरी ती किंकाळी मला ऐकू आली.

"काय गं कौशे, काय आणलंस?" आत्यानं विचारलं.

मी ओंजळ उघडली. तिनं पिल्लू छातीवर घेतलं, उताणं केलं आणि दोन बोटांनी त्याच्या पायांवरून वरपासून खालपर्यंत हळूच चाचपलं.

"हाड मोडलेलं न्हाई," ती म्हणाली. "पाय नुसते फाकलेत. खुडूक कोंबडी कशात बसवली व्हती तुझ्या आईनं?"

"पत्र्याच्या डब्यात. टोपली उंदरानं कुरतडली म्हणून."

"आन् खाली?"

"काईच न्हाई. थोडं भुसकाट. ते कोंबडीनं उकरून टाकलं."

"तरीच. गुळगुळीत पत्रा. पाय रोवायला जागा नगं? हे सगळ्यात शेवटी निघालं असंल, दमलेलं. घसरून घसरून बिचाऱ्याचे पाय गेले." तिनं पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "ह्याची काय बी चूक न्हाई. जागाच वाईट मिळाली."

मग तिनं लुगड्याच्या काठाची बोटभर रुंद चिंधी दातांनी फाडली. मला पिल्लू धरायला लावलं. चिंधीचा एक वेढा एका पायाला, मधे पीळ, दुसरा वेढा दुसऱ्या पायाला. दोन पायांत करंगळी मावेल एवढं अंतर ठेवलं.

"पाय बांधल्यावर चालता येतं व्हय, आत्या?"

"मला काय इचारतीस? माझा बी बांधलाय." ती दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "बघू, कोण आधी चालतंय."

पिल्लाला आम्ही गोणपाटाचा तुकडा अंथरून टोपलीत ठेवलं, म्हणजे त्याला नखं रुतवता यावीत. टोपली आत्याच्या बाजेखाली. भाताची कणी पाण्यात भिजवून मी बोटाच्या टोकावर धरायची. पाण्याचा थेंब चोचीला लावायचा. ते एका अंगावर कलंडलं की उभं करायचं. दिवसातून शंभर वेळा तरी कलंडायचं. आत्या रोज चिंधी सोडून बघायची, जिथं वळ उठला असेल तिथं खोबरेल लावायची आणि पुन्हा बांधायची.

"मन लावून काम चाललंय आत्या-भाचीचं," आई चुलीपासून म्हणायची. "एवढ्यात चार भाकरी झाल्या असत्या."

"वैनी, बाजेवर पडून भाकरी थापता येत असत्या तर थापल्या असत्या," आत्या म्हणायची.

सहाव्या दिवशी पिल्लू स्वतःहून उभं राहिलं. चिंधी होती, पाय थरथरत होते, पण उभं होतं. मी ओरडले. आप्पा गोठ्यातून धावत आले. साप निघाला की काय, असं त्यांना वाटलं.

"एवढ्यासाठी बोंबललीस?" त्यांनी वाकून बघितलं. "जगलं की हे फाक्या."

असं त्याचं नाव फाक्या पडलं. नवव्या दिवशी चिंधी सोडली. फाक्या चालू लागला, पण एक पाय बाहेर फेकत, अंगणातून तिरका. तुरा फुटल्यावर तो कोंबडा आहे हे कळलं. तेव्हा मी घाबरून आप्पांना विचारलं, कारण आमच्या घरची रीत मला ठाऊक होती.

भात झोडून झालं की आमच्या खळ्यावर शिवारातल्या म्हसोबाला कोंबडा द्यायचे. तो घरच्याच कोंबडीखाली निघालेला लागे, विकतचा चालत नसे. आणि अंगानं अव्यंग लागे. नखापासून तुऱ्यापर्यंत कुठं खोट असता कामा नये.

"आप्पा, फाक्याला खळ्यावर न्याल का हो?"

आप्पा खदखदून हसले. "त्या लंगड्याला? देवाच्या म्होरं असलं ध्यान उभं केलं तर देव मलाच लंगडा करंल. तुझा तुला घे तो. जा, सांभाळ."

"तुझा तुला" हे तीन वेळा म्हणायला लावलं मी त्यांना. आत्या बाजेवरून ऐकत होती. साक्षीदार होती ती.

ज्येष्ठात हाडवैद्यानं कामट्या काढल्या. आत्याचा पाय काठीसारखा झाला होता. ती भिंत धरून अंगणात उतरली, तिच्यापुढे फाक्या आणि फाक्यापुढे मी. ती एक पाऊल टाकायची आणि ओठ चावायची. फाक्या वळून बघायचा, थांबायचा. गावातल्या बायका पाण्याला जाताना म्हणायच्या, "काय गं अनसे, शाळा काढलीस का लंगड्यांची?"

"व्हय. तुझ्या सासूला बी पाठव," आत्या म्हणायची.

श्रावणात कोंबड्यांची मर आली. आधी माना टाकल्या, मग पांढरी हगवण, मग पटापटा गेल्या. आठ दिवसांत आमची सगळी खुराडी रिकामी झाली. फाक्याचे नऊही भाऊबंद गेले. फाक्या मात्र खुराड्यात कधी गेलाच नव्हता. तो रात्री आत्याच्या बाजेखाली गोणपाटावर झोपायचा, म्हणून तेवढा वाचला. मला काय आनंद झाला होता! त्या आनंदात मला हे सुचलंच नाही, की आता घरात कोंबडा तेवढा एकच उरला.

दसऱ्यापर्यंत आत्या दोन घागरी डोक्यावर घेऊन नदीची चढण चढू लागली. आणि फाक्या? तांबडा लाल तुरा, मानेवर तांब्यासारखी झळाळी, शेपटीची काळी कमान. तो पाय बाहेर फेकायचं कधी विसरला, ते आम्हाला कळलंच नाही. आम्हाला नाही कळलं, पण आप्पांना कळलं.

कार्तिकात कासार बांगड्या भरायला आला. तो गावोगाव फिरायचा, त्यामुळे निरोप त्याच्याकडे असत. आत्याचा हात हातात धरून त्यानं सांगितलं, "अनसाताई, तुमच्या सासूबाईचा सांगावा हाय. पाय धड असंल तर खळ्याच्या दिवशी सोपानरावाला घेऊन येतीया आन् तुमास्नी घेऊन जातीया. त्यांची भातं निघालीत. हात कमी पडत्यात म्हणाल्या."

"आन् धड नसंल तर?"

कासारानं बांगडी तशीच अर्ध्यात धरली. "ते काय सांगितलं न्हाई बगा."

आत्यानं बांगड्या भरून घेतल्या. हिरव्या, बारा.  आई तिला समजावत होती. "सात वर्सं नांदलीस. पोटी पोर न्हाई. तरी न्यायला येतायत, हे काय थोडं हाय? तोंड गोड कर."

"वैनी, नऊ म्हैने झाले. मी जिती हाय का मेली, हे बघायला कोण आलं?"

आईनं परातीत पीठ ओढलं. ती भाकरी थापत राहिली.

त्याच आठवड्यात एका सकाळी आप्पा अंगणात उभे राहून फाक्याकडे टक लावून बघत होते. म्हैस विकत घेताना बघत, तसे. मग म्हणाले, "म्हसोबाचीच कृपा म्हणायची. घरात एकच राहिला, आन् तो बी अव्यंग."

माझ्या हातातलं सुपडं खाली पडलं.

"आप्पा, तो माझा हाय. तुमी म्हणाला व्हता, तुझा तुला."

"तवा लंगडा व्हता गं."

"मग लंगडा व्हता तवा का न्हाई घेतला देवानं?"

"देवाला धडधाकट लागतं."

"धडधाकट त्याला आत्यानं केलं! मी केलं! तुमी तर उकिरड्यावर टाक म्हणाला व्हता. तवा देव कुठं व्हता?"

आप्पांनी माझ्या थोबाडीत मारली. त्यांनी मला मारल्याचं मला तेवढंच आठवतं. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

"पोरीला मारू नगंस, दादा," आत्या दारातून म्हणाली. "ती काय खोटं बोलली?"

"तू मधी बोलू नगंस, अनसे. देवाचं काम हाय."

"व्हय," आत्या म्हणाली. "जवा पडलेलं असतं तवा कुणाचंच नसतं. उठून चालाय लागलं, की समद्यांचं काम निघतं."

आप्पांना ते कोंबड्याविषयी वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

खळ्याच्या दिवशी मी सकाळी उठून एक उद्योग केला. आत्यानं ती जुनी चिंधी जपून ठेवली होती, बाजेच्या दोरीला बांधून. मी ती सोडली आणि फाक्याच्या पायाला, पिसांच्या आत, घट्ट आवळून बांधली. मला वाटलं, पाय दुखला की तो लंगडेल. लंगडला की वाचेल.  ज्या चिंधीनं त्याला उभं केलं, तीच त्याला पाडायला वापरत होते. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

खळं म्हणजे शेणानं सारवलेली गोल जमीन, मधोमध लाकडी खांब. त्याला तिवडा म्हणायचे. बैल त्याच्याभोवती फिरत आणि भाताची मळणी होई. त्या दिवशी भाताची रास एका बाजूला सारून, तिवड्याला हळद-कुंकू लावून आप्पा सोवळ्यानं उभे होते. आमच्याकडे कोंबड्याला तिवड्याभोवती मोकळं चालवून बघत. सरळ चालला तरच देवाचा.

सोपानमामा आणि त्यांची आई सकाळीच आले होते. म्हातारी सावलीत घोंगडीवर बसली होती. आल्यापासून तिनं आत्याला काही विचारलं नव्हतं. "कशी हायेस?" एवढंसुद्धा नाही. सोपानमामा आप्पांशी पावसाचं बोलत होते. आत्या चुलाण्यापाशी वाकून जाळ घालत होती.

आप्पांनी फाक्याला उचललं. तुरा बघितला, डोळे बघितले, पंख पसरून बघितले. नखं मोजली. आणि पिसांत बोट गेलं, तसं ते थांबले. त्यांनी चिंधी सोडली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती खळ्याबाहेर भिरकावली. ती चुलाण्यापाशी पडली. आत्यानं ती उचलली आणि कमरेला खोचली.

"चाल," आप्पांनी फाक्याला खाली सोडलं.

सगळे बघत होते. आप्पांची नजर त्याच्या पायांवर. म्हातारीची पण.

"लंगड," मी म्हणाले. आधी मनात, मग ओठांत. मग मोठ्यानं. "लंगड रे, फाक्या! लंगड ना रे!"

सोपानमामा हसले. "पोरगी येडी हाय काय?"

फाक्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझा आवाज तो ओळखायचा. मग छाती काढून, एकेक पाय उचलून, गावच्या पाटलासारखा तो तिवड्याभोवती पूर्ण फेरा चालला. सरळ. कुठं थरथर नाही. चालता चालता आरवला सुद्धा. त्याला काय माहीत, की आता लंगडायला हवं होतं? आम्हीच त्याला नऊ दिवस सरळ चालायला शिकवलं होतं.

पुढचं मी बघितलं नाही. आत्यानं माझं तोंड तिच्या लुगड्यात दाबून धरलं होतं. तिच्या पोटातून येणारा श्वास मला ऐकू येत होता, जड आणि गरम. रडण्याचा नव्हता तो.

दुपारी खळ्यावरच पंगत बसली. मी जेवायला बसले नाही. भाताच्या पेंढ्यांआड बसून मी त्या सगळ्यांकडे बघत होते. जावयाला मान म्हणून तंगडी सोपानमामांच्या पानात. म्हातारीनं दोन वेळा रस्सा मागून घेतला. मग हात चाटत ती म्हणाली, "अनसे, पाण्याची घागर आण गं. ती तिकडली, झाडाखालची."

झाड खळ्याच्या पलीकडच्या कडेला होतं. म्हातारीच्या शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो तिनं तोंडालाही लावला नव्हता. मला ते लगेच कळलं. सकाळी आप्पांनी फाक्याला ज्या जागी सोडलं होतं, तिथूनच आत्याला चालत जायचं होतं. म्हातारीनं पदर पुढे ओढला आणि त्याच्या आडून तिची नजर आत्याच्या पायांवर खिळली. अगदी तीच नजर. फक्त नखं मोजायची बाकी होती.

मला इतका संताप आला, की पेंढीतलं गवत मी मुठीनं उपटत होते.

आत्या उठली. खळ्यावरून न जाता पेंढ्यांच्या आडून, म्हातारीला दिसणार नाही अशी, ती झाडामागे घागरीकडे गेली. तिथं ती क्षणभर खाली वाकली. मग घागर कमरेवर घेऊन ती खळ्यावर आली.

डावा पाय फरफटत होती ती. एक पाऊल टाकायची आणि मग सगळं अंग झुकवून डावा पाय ओढून घ्यायची. घागर हिंदकळत होती. तिच्या लुगड्यावरून पाणी खळ्यावर सांडत होतं. तिवड्याभोवतीचा तो सबंध फेरा तिनं तसाच पुरा केला आणि घागर म्हातारीपुढे ठेवली.

"अगो बया," म्हातारी म्हणाली. "ही तर अजून लंगडतीया! आमास्नी तर बरी झाली म्हणून कळलं व्हतं."

आईच्या हातातला पळा तसाच राहिला. ती आप्पांकडे बघत होती. कालच आत्या नदीवरून दोन घागरी घेऊन आली होती, सगळ्या गावानं बघितलं होतं.

आप्पांनी तोंड उघडलं, "पण अनसे, तुझा तर..."

आणि थांबले. ते आत्याच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि सोपानमामांकडे बघितलं. तंगडीचं हाड चोखत सोपानमामा बसले होते. आप्पा वाट बघत राहिले. बराच वेळ. काहीतरी ऐकायला मिळेल, अशी वाट. सोपानमामांनी हाड बाजूला टाकलं आणि भात कालवला.

"आता मग?" म्हातारी म्हणाली. "असला पाय घेऊन चिखलात कशी उभी राहणार ही? आमी काय देव्हाऱ्यात बसवायची?"

"न्हाई," आप्पा सावकाश म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "देव्हाऱ्यात नगं. हितंच राहू द्या तिला."

"धडधाकट झाली की कळवा," सोपानमामा म्हणाले. "न्हाईतर मग मला दुसरी बघावी लागंल, पाव्हणं. घर हाय, शेती हाय."

"बघा," आप्पा म्हणाले.

पानावरून उठताना आप्पांनी रस्सा तसाच ठेवला होता. मी ते बघितलं. पण त्यामुळे मी त्यांना माफ केलं असं नाही. फाक्याच्या बाबतीत मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पुढं कधीही त्यांनी आमच्या अंगणातला कोंबडा मला विचारल्याशिवाय उचलला नाही.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली, तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्यानं दोन रिकाम्या घागरी उचलल्या.

"चल गं कौशे, नदीवर."

पायवाटेला लागेपर्यंत ती लंगडत होती. मग म्हणाली, "मागं बघ, कोण हाय का?"

"कोणी न्हाई."

ती सरळ चालू लागली. भराभर. मला तिच्या मागे पळावं लागत होतं.

नदीवर तिनं पाय धुवायला लुगडं वर घेतलं आणि मला दिसलं. तिच्या डाव्या घोट्याला, घट्ट, ती चिंधी बांधलेली होती. फाक्याची. खाली मांसात वळ उठला होता. झाडामागं ती वाकली होती ती ह्यासाठी.

"आत्या, तुझा उजवा पाय मोडला व्हता."

"व्हय."

"मग डाव्याला का बांधलीस? चुकलीस व्हय?"

ती दगडावर बसली. गाठ ओली झाली होती, सुटत नव्हती. दातांनी सोडवत ती म्हणाली, "चुकीन कशी? मला माझा पाय कळत न्हाई व्हय? तुला कळलं. दादाच्या ध्यानात आलं. त्यानं धरला व्हता तो."

"मग?"

"म्हटलं बघावं. सात वर्सं त्या घरात राबले. शिडीखाली मी पडले तवा ही दोघं बी तिथं उभी व्हती. आठ दिवस माझ्या बाजेपासनं ये-जा करत व्हती. गाडीत घालताना त्यांनी आपल्या हातांनी उचललं मला." गाठ सुटली. तिनं चिंधी पाण्यात धुतली, पिळली. "बघावं, दोघांत एकाला तरी आठवतंय का, कुठला पाय मोडला व्हता."

नदीचं पाणी तेव्हा उतरलेलं होतं. दगडांमधून जाताना त्याचा आवाज येत होता.  मग मी विचारलं, "आन् मामांना आठवलं असतं तर? म्हणाले असते, अगं, हा न्हाई, तो..."

आत्यानं घागर बुडवली. बुडबुडे येणं थांबेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"तर मी गेले असते गं त्यांच्यासंगं," ती म्हणाली.

मग तिनं भरलेल्या दोन्ही घागरी डोक्यावर चढवल्या आणि चढण चढू लागली.